डबा का झोपत नव्हता

मला यंत्रांचा राग येत नाही. यंत्र आपणहून काही करत नाही; कुठेतरी कुणीतरी मूर्खपणा केलेला असतो आणि यंत्र तो निमूटपणे भोगत असतं. बँकेत मी शाखा व्यवस्थापक होतो. तेव्हा 'सिस्टीम बंद पडली' म्हणत कुणी धावत आलं, की मी सिस्टीमकडे न बघता त्या माणसाच्या खुर्चीखाली बघायचो. बहुतेक वेळा खुर्चीचा पाय वायरीवर असायचा. माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, आणि ते मी अनुभवाने बनवलेलं आहे.

म्हणून मागच्या मे महिन्यात लखनऊच्या इंदिरा नगरमधल्या आमच्या घरातला डबा झोपेनासा झाला तेव्हा मी बिघाड शोधायच्या भानगडीत पडलो नाही. मी मूर्ख शोधायला लागलो.

डबा म्हणजे हॉलमधल्या टीव्हीखाली ठेवलेला काळा कॉम्प्युटर. निवृत्त झाल्यावर इथले लोक सकाळी पार्कात गोल उभे राहून मोठमोठ्याने हसतात आणि त्याला व्यायाम म्हणतात. मी सुटे भाग आणून हा डबा जोडला. त्यात सिनेमे आहेत, गाणी आहेत, आणि आमच्या घरातल्या सगळ्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी आहेत. त्या मी एकेक करून त्यात उतरवून घेतल्या: आमचं लग्न, मुलाचं नामकरण, आई-बाबा अमरावतीहून पहिल्यांदा लखनऊला आले तेव्हाचं स्टेशन. घरातल्या कुठल्याही खोलीत बसून, कुठल्याही फोनवर यातलं काहीही बघता येईल अशी सोयही मी करून ठेवली होती. त्याबद्दल घरात कुणी कौतुकाचा एक शब्द काढला नाही, ते सोडा.

डब्याला मी सांगून ठेवलं होतं, की अर्धा तास कुणी हात लावला नाही तर झोपायचं. म्हणजे सगळं जिथल्या तिथे थांबवून, नखभर वीज घेत पडून राहायचं. दोन वर्षं त्याने ऐकलं. थंडी संपता संपता कधीतरी ऐकेनासा झाला. पडदा काळा व्हायचा, पण आतला पंखा घरघरत राहायचा आणि वरचं झाकण इतकं तापायचं की त्यावर कुरडया वाळल्या असत्या.

एरवी हे चालून गेलं असतं. पण मे महिन्यात दुपारची लाईट जाते आणि घर इन्व्हर्टरवर येतं. डबाही मी त्याच लाइनवर घेतलेला, कारण एकदम वीज गेली तर त्याची डिस्क खराब होईल आणि डिस्कबरोबर माझे आई-बाबाही जातील, ही मला भीती. परिणाम असा की जो इन्व्हर्टर चार तास पंखे ओढायचा, तो दीड तासात टूं-टूं करून गप्प व्हायचा. मग आम्ही सगळे हातात वर्तमानपत्राच्या घड्या घेऊन बसायचो.

आता सुनेबद्दल सांगायला हवं. मुलाच्या लग्नाला तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं. दोघांनी आपलं आपण ठरवलेलं लग्न. सून इथलीच, लखनऊच्याच महानगर नावाच्या वस्तीत वाढलेली, एका शाळेत शिक्षिका. लग्नाआधीच्या पहिल्या भेटीत तिच्या एका काकांनी अत्यंत अदबीने, चहाची बशी पुढे करत मला विचारलं होतं, "भाई साहब, आप लोग महाराष्ट्र में कौन हुए?" आम्ही बौद्ध, असं मी सांगितलं. काका "अच्छा, अच्छा" म्हणाले आणि बशी तशीच धरून राहिले. बँकेतही लोकांनी आयुष्यभर मला 'पूरा नाम' विचारलं, आणि पूर्ण नाव ऐकून झाल्यावरचा तो 'अच्छा' मला पाठ आहे. त्या दिवशी परतताना मी मनाशी ठरवलं, की या लोकांनी आपल्याला हिणवण्याआधी आपण त्यांना हिणवायचं. सुनेने कधी तसं काही केलेलं नव्हतं. तिने करायची मी वाट बघितली नाही, एवढंच.

परमुलखात राहणाऱ्या मराठी घराला एक सोय असते. भाजीवाल्यासमोर भाजीला नावं ठेवायची, पाहुणा बसलेला असताना तो कधी उठणार याची चर्चा करायची, सगळं त्याच्या तोंडावर आणि हसऱ्या चेहऱ्याने. समोरचा बिचारा आपणही हसतो. तीस-बत्तीस वर्षं आम्ही ही सोय वापरली, आणि सून आल्यावर ती जेवणाच्या टेबलावर आली. सुनेशी सगळे हिंदीत बोलायचे. तिला कळू नये असं जे काही असेल ते मराठीत. मुलाला मराठी समजतं, पण उत्तर तो हिंदीतच देतो. त्याची तर बातच सोडा. सुनेला मराठी शिकवावं हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिजोरीची किल्ली कोण वाटत फिरतं?

तिने भाजी वाढली की मी "बढ़िया है, बेटा" म्हणायचो आणि लगेच बायकोकडे वळून आमच्या वऱ्हाडीत म्हणायचो, "तोंडात साखर हाये, हाताले चव नाही." आवाज तोच, चेहरा तोच. यात माझा हातखंडा होता. बायको अशा वेळी टेबलाखाली पाय हलवायची आणि तो माझ्या नडगीवर बसायचा. तिला गुडघ्यांचा त्रास आहे म्हणून मी काही बोलत नसे. मुलगा खाली मान घालून "पापा, प्लीज़" म्हणायचा.

"अरे, तिले काय समजते," मी म्हणायचो. हे वाक्य माझ्या तोंडात बसून गेलं होतं.

त्या आठवड्यातल्या सोमवारी रात्री जेवताना मुलाने सांगितलं, की सरोजिनी नगरला एक फ्लॅट मिळतोय. त्याचं ऑफिस विमानतळाच्या पलीकडे आहे. इंदिरा नगरहून जाण्यायेण्यात त्याचे रोजचे अडीच तास जातात. फ्लॅटवाल्याला रविवारपर्यंत उत्तर हवं होतं. "सोचकर बताएँगे," असं तो म्हणाला, ताटाकडे बघत.

मला ते जायला नको होते. हे इथे स्पष्ट लिहितो, कारण तेव्हा मी कुठेही बोललो नाही. दुपारी जिन्यावर तिच्या सँडलचा आवाज आला की घर भरल्यासारखं वाटायचं. ते गेले तर वरची खोली बंद होणार आणि खाली आम्ही दोघं टीव्हीसमोर एकमेकांची औषधं मोजत बसणार, हे मला दिसत होतं. पण थांबा म्हणणं म्हणजे हात पसरणं, आणि त्या घराण्यासमोर मी हात पसरणार नव्हतो. मी बायकोकडे वळलो आणि मराठीत म्हणालो, "जाऊ दे. तिले मोकळं पायजे." बायकोचा पाय जोरात बसला.

भांडी आवरताना बायको म्हणाली, "मोकळं पायजे म्हणे. दुपारी पोरगी शाळेतून येते, वर जाते, अन् घंटाभरात पंखा बंद. तुमचा डबा तिची वीज पिते. कोण राहीन असं? अन् बाकीचंही हाये." बाकीचं काय ते मी विचारलं नाही. मला कारण सापडलं होतं. डबा रविवारच्या आत झोपवायचा, म्हणजे दुपारी पंखा चालेल, म्हणजे सून थांबेल. तोंडातून एक शब्द काढण्यापेक्षा यंत्र दुरुस्त करणं मला केव्हाही सोपं जातं.

मंगळवारी सकाळी मी सगळ्या सेटिंग्ज पुन्हा तपासल्या. सगळ्या बरोबर होत्या. मीच केलेल्या होत्या. मुलाला ऑफिसात फोन केला तर तो म्हणाला, "पापा, आप दोपहर में स्विच ऑफ कर दिया कीजिए ना।" त्याला इंजिनियर करायला आम्ही काय काय केलं ते आठवून मी फोन ठेवला. स्विच कुणीही बंद करतं. ज्याला झोपायला सांगितलंय त्याने सांगितल्यावर झोपलं पाहिजे, आणि झोपत नसेल तर का झोपत नाही ते कळलं पाहिजे. हे त्या पिढीला समजत नाही. त्यांना फक्त बटण समजतं.

दुपारी मार्केटमधल्या दुकानाचा मेकॅनिक आला. त्याने डब्यावर हात ठेवला, "गरम है" असं निदान केलं, आणि सगळं पुसून नव्याने भरून देतो म्हणाला. "पूरा फॉर्मेट मार देते हैं, अंकल।" त्याच्या चेहऱ्यावर एवढा आत्मविश्वास होता की घर गळतंय म्हटलं असतं तर त्याने घर पाडून दिलं असतं. सून नुकतीच शाळेतून आली होती आणि स्वयंपाकघरात होती. मी हॉलमधूनच आतल्या बायकोला मराठीत ओरडून सांगितलं, की याला अक्कल नाही, चहात दूध घालू नको, लवकर गेला पाहिजे. पाच मिनिटांनी सून ट्रे घेऊन आली: दाट दुधाचा चहा, वर दोन बिस्किटं, आणि "लीजिए भैया, धूप में आए हैं।" तो अर्धा तास बसला. मी कपाळावर हात मारला आणि बायकोला जे म्हणायचं ते म्हणालो. तिले काय समजते.

बुधवारी शेजारी आले. सिंचन खात्यातून निवृत्त झालेत आणि जगातल्या प्रत्येक बिघाडाला त्यांच्याकडे एकच उत्तर आहे, अर्थिंग. घराच्या मागे खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा घाला, म्हणाले. मी म्हटलं, लोणचं घालायचंय का? ते हसले नाहीत. ते गेल्यावर मी इंटरनेटवर बसलो. तिथे जगभरातले लोक हाच प्रश्न विचारत होते आणि त्याखाली दुसरे लोक 'मलाही हाच त्रास आहे' असं लिहून समाधानाने निघून जात होते. शेवटी एका सभ्य माणसाने लिहिलेली एक आज्ञा, म्हणजे कमांड, सापडली. ती काळ्या खिडकीत टाइप केली की कॉम्प्युटर स्वतः सांगतो त्याला कोण जागं ठेवतंय. मी टाइप केली. उत्तर आलं, त्याचा अर्थ असा, की दुसऱ्या कुठल्यातरी यंत्रावरून कुणीतरी आत्ताच माझ्याकडे काहीतरी मागत होतं.

म्हणजे मूर्ख बाहेरचा होता. मला फार बरं वाटलं. शेजाऱ्यांकडे सुट्टीत नातवंडं आली होती, चारही हातात फोन. आमच्या वायफायवर बसून माझे सिनेमे बघत असणार. आणि आजोबा मला मिठाचे खड्डे सांगतात. मी वायफायचा पासवर्ड बदलला. नवा पासवर्ड म्हणून वऱ्हाडातली एक शिवी घातली. ती इंदिरा नगरात कुणाच्या बापाला ओळखता आली नसती. ती इंग्रजी अक्षरांत कागदावर लिहून बायकोला दिली. तिने कागद वाचला, माझ्याकडे बघितलं आणि तो डाळीच्या डब्याखाली ठेवला.

गुरुवारी डबा झोपला. दुपारी लाईट गेली आणि पंखे पावणेचार तास चालले. रात्री जेवताना मी शेजाऱ्यांच्या खानदानाची सविस्तर माहिती मराठीत दिली. सुनेने हिंदीत विचारलं, डिब्बा ठीक झाला का. मी म्हटलं, "हाँ बेटा, एकदम।" आणि बायकोला म्हटलं, हिला नेटवर्क समजावत बसलो तर सकाळ होईल. सुनेने माझ्या ताटात आणखी एक फुलका घातला. ती हसत होती. मी ते हसणं रविवारच्या उत्तरात धरलं.

शुक्रवारी डबा पुन्हा जागा. शेजारी नातवंडांना घेऊन गुरुवारी संध्याकाळीच नैनितालला गेलेले, म्हणजे ते नव्हते. मला त्यांची माफी मागावीशी वाटली असं मुळीच नाही. मला त्यांचा आणखी राग आला.

शनिवारी दुपारी मी त्या सभ्य माणसाचं पुढचं लिखाण वाचलं. कॉम्प्युटरच्या पोटात एक यादी असते: बाहेरून कोणी, कुठली फाइल, किती वेळापासून उघडून ठेवली आहे. मी ती यादी उघडली. एकच ओळ होती. घरातल्यांसाठी मीच बनवलेलं खातं, आणि फाइल 'नामकरण'. ती पाऊण तास उघडी होती. शंका घ्यायला जागा नव्हती; नवा पासवर्ड ज्याला माहीत आहे असं घरातलंच कुणीतरी ती कॅसेट बघत होतं, मध्येच थांबवून ठेवत होतं, आणि थांबवली तरी फाइल धरून ठेवत होतं. त्या धरण्यामुळे डबा जागा होता. मुलगा ऑफिसात होता. बायको माझ्यासमोर लसूण सोलत होती आणि तिचा फोन फ्रिजवर पडला होता. लाईट गेलेली, इन्व्हर्टर चालू.

मला आनंद झाला, हे लपवण्यात अर्थ नाही. पुढच्या मिनिटाला मी रंगेहाथ पकडणार होतो. जिच्यासाठी पाच दिवस जीव आटवला तीच पंखा बंद पाडत होती आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. जिना चढताना मी वाक्यसुद्धा जुळवलं, रात्री बायकोला सांगायचं. बायको खालून म्हणाली, "नका जाऊ वर." मी गेलो.

वाऱ्यासाठी दार अर्धवट उघडं होतं. आतून माझ्या आईचा आवाज आला. आईला जाऊन नऊ वर्षं झाली. कॅसेटमध्ये वंदना होऊन गेली होती, पंचशील म्हणून झालं होतं, आणि आई बायकोला विचारत होती, "बाळाले टोपडं काऊन नाही घातलं?" मग माझा आवाज. तीस वर्षांपूर्वीचा, पातळ, फार खूश. "तिले काय इचारतं, माय? तिले काय समजते!" सगळे हसले. त्या हसण्यात बाबाही होते. आम्ही सगळ्यांनी दोन मिनिटांपूर्वी हात जोडून वाणी सांभाळायचं शील घेतलं होतं.

फोन थांबला. मागे गेला. पुन्हा माझा आवाज, तेच वाक्य. मग सुनेचा आवाज, हळू, एकेक शब्द वेगळा, शाळेत मुलांकडून म्हणून घेतात तसा. "तिले. काय. समजते." पुन्हा मागे.

मी दार ढकललं. ती टेबलापाशी बसली होती, पुढ्यात वही. तिने वही झाकली नाही. पानावर तिच्या शिक्षिकेच्या अक्षरात मराठी वाक्यं होती आणि प्रत्येकाखाली हिंदी अर्थ. वरची काही कॅसेटमधली, आईच्या तोंडची. खालची कुठल्याही कॅसेटमध्ये नव्हती. तोंडात साखर हाये, हाताले चव नाही. त्याखाली हिंदीत नीट अर्थ लिहिलेला, आणि चव या शब्दाखाली दोन रेघा. त्याखाली आणखी होती. मी सगळी वाचली नाहीत. वाचायची गरज नव्हती, मीच म्हटलेली होती.

मी काय बोललो ते सांगायला लाज वाटते. मी म्हणालो, "बेटा, ये जो फाइल तुम खोलकर रखती हो न, इससे डिब्बा सोता नहीं है।"

तिने फोन बंद केला. उभी राहिली, ओढणी सारखी केली, आणि म्हणाली, "मले समजते, बाबा."

आमच्या घरात मी पापा आहे. बाबा हा शब्द त्या कॅसेटमध्ये मी माझ्या वडिलांना म्हणतो. आणि त्या 'मले'चा हेल कुठून आला तेही मला ठाऊक होतं; गेल्या नऊ वर्षांत या घरात त्या हेलात कुणी बोललं नव्हतं, तो आईचा होता.

"पयले थोडं समजे," ती म्हणाली. "आता सगळं समजते."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं पडलं असतं. रागाशी कसं वागायचं ते मला येतं. मी "अच्छा" म्हणालो आणि खाली आलो.

हॉलमध्ये खुर्चीवर बसून मी डब्याकडे बघत राहिलो. बरोबर अर्ध्या तासाने पंख्याची घरघर थांबली आणि समोरचा दिवा मंद झाला. डब्यात बिघाड कधीच नव्हता. बायको समोर येऊन बसली आणि मग तिने सगळं सांगितलं, न विचारता, लसूण निवडतच.

थंडीत सुनेने तिला विचारलं होतं, की पापाजींना कळू न देता मराठी शिकता येईल का. एप्रिलमध्ये माझा वाढदिवस असतो. त्या दिवशी तिला माझ्याशी मराठीत बोलायचं होतं. बायको म्हणाली, मला शिकवता येत नाही, कॅसेटी बघ, त्यात सगळे आहेत. ती रोज दुपारी बघायला लागली. चार वाक्यं तिने पाठ केली होती, त्यातलं एक आईच्या तोंडचं. वाढदिवसाला तिने खीर केली, वाढली, आणि ती बोलायला तोंड उघडणार एवढ्यात मी बायकोकडे वळून खिरीबद्दल आणि तिच्या माहेराबद्दल काहीतरी म्हणालो. काय म्हणालो ते मला आठवत नाही. बायकोला आठवत होतं, पण तिने ते उच्चारलं नाही. सून ती चार वाक्यं त्या दिवशी बोलली नाही. पण तिने शिकणं थांबवलं नाही. आता तिला मी आणखी काय काय म्हणतो ते समजून घ्यायचं होतं.

"मले काऊन नाही सांगितलं?" मी विचारलं.

"लाता मारून मारून पाय दुखले माहे," बायको म्हणाली. "अन् सांगितलं असतं तर तुमी तिच्यासमोर बोलले नसते, मागं बोलले असते. बंद थोडीच केलं असतं."

मग तिने शेवटचं सांगितलं. रविवारची वाट बघायचं कारणच उरलं नव्हतं. फ्लॅटवाल्याला मुलाने सोमवारीच, जेवून वर गेल्यावर, हो कळवलं होतं. त्याचं मन होत नव्हतं, तिचंही नव्हतं. मी टेबलावर 'जाऊ दे' म्हणालो ते तिने ऐकलं, तिला समजलं, आणि वर जाऊन ती त्याला म्हणाली की पापाजींनी सांगितलंय. मंगळवारपासून मी मेकॅनिकला, शेजाऱ्याला आणि जगातल्या सगळ्या अडाण्यांना शिव्या देत जे वाचवायला निघालो होतो, ते मी स्वतःच, हसऱ्या चेहऱ्याने, आदल्या रात्री घालवून बसलो होतो. मूर्ख सापडला. फार लांब जावं लागलं नाही.

रात्री चौघं जेवायला बसलो. वरण, भात, भेंडी. मी कुणाकडे वळलो नाही. सुनेकडे बघितलं आणि तिच्याशी पहिल्यांदाच मराठीत बोललो. "माहं चुकलं," मी म्हणालो. "जाऊ नको. इथंच राहा." हे एवढं बोलायला मला घाम आला. मुलाचा हात ताटातच थांबला. बायकोने पाय हलवला नाही.

सुनेने शांतपणे ऐकून घेतलं. सगळं समजलं होतं तिला, एकेक शब्द. चेहऱ्यावर दिसत होतं. मग तिने भाताचा डाव उचलला आणि ती जी पहिल्या दिवसापासून माझ्याशी बोलत आली होती त्या स्वच्छ, अदबशीर हिंदीत म्हणाली, "अरे नहीं पापाजी, ऐसी कोई बात नहीं। आप थोड़ा चावल और लीजिए।"

मी ताट पुढे केलं. तिने वाढलं.